आधी पाण्याची वाट शोधा

मे महिना सरत आला की हार्डवेअरच्या दुकानांत वॉटरप्रूफिंगच्या डब्यांना मागणी येते आणि रंगारी मिळेनासे होतात. गेल्या पावसात हॉलच्या भिंतीवर उमटलेला डाग घालवायचा असतो. पोपडे खरवडले जातात, पुट्टी भरली जाते, वर महागातला रंग चढतो. जुलैत तोच डाग त्याच जागी, जरा मोठा होऊन हजर. मग कुणी रंगाला नावं ठेवतं, कुणी रंगाऱ्याला. बहुतेक वेळा दोघांचाही दोष नसतो. पाणी जिथून शिरत होतं तिथून ते अजूनही शिरत असतं, आणि तिकडे कुणी पाहिलेलंच नसतं.

घरदुरुस्तीवर आपला पैसा कुठे जातो ते पाहा. ओल, पोपडे, लोणा, छताचं पडणारं प्लास्टर, फुगलेल्या फरश्या, कुजलेल्या चौकटी, वाळवी, काळ्या जमिनीवरच्या घरांचे तडे. या सगळ्यांच्या मुळाशी बहुधा पाणीच असतं. पाण्याची खोड अशी की ते जिथे शिरतं तिथेच दिसेल असं नाही. गच्चीच्या कोपऱ्यात मुरलेलं पाणी स्लॅबमधल्या वायरिंगच्या नळीतून वाहत दोन खोल्या पलीकडे पंख्याच्या हुकाशी टपकू शकतं. म्हणून दुरुस्तीचा पहिला नियम एवढाच: पाण्याची वाट सापडेपर्यंत सामान आणायचं नाही आणि रंग तर मुळीच लावायचा नाही.

ओल कधी येते, ते लिहून ठेवा

भिंत ओली दिसली की तारखा आणि वेळा टिपायला सुरुवात करावी. याला पैसे पडत नाहीत आणि अर्धं निदान इथेच होतं.

ओल पावसाळ्यात येते आणि दिवाळीपर्यंत वाळून जाते, तर पाणी बाहेरून येतंय. सर पडल्यावर तासाभरात डाग दिसला तर खिडकी किंवा बाहेरच्या भिंतीतला तडा तपासावा. तीन-चार दिवस झड लागल्यावरच छत ओलं होत असेल तर संशय गच्चीवर घ्यावा. कोबा आधी भरपूर पाणी पिऊन घेतो आणि मग सावकाश सोडतो, त्यामुळे पाऊस थांबल्यावरही ही गळती चालू राहते.

ओल बारा महिने असेल तर पाइप, टाकी, संडास-बाथरूम यांकडे वळावं. सकाळच्या अंघोळी झाल्यावर ती वाढत असेल आणि वरच्या मजल्यावरची मंडळी गावाला गेली की कमी होत असेल, तर दोष बाथरूमच्या जमिनीत किंवा सांडपाण्याच्या पाइपात आहे. दिवसरात्र सारखीच असेल तर सतत दाबाखाली असणारा नळाचा पाइप कुठेतरी फुटलेला असतो. जमिनीपासून कमरेपर्यंत ओलसर पट्टा आणि त्यावर पांढरी पावडर दिसली तर पाणी जोत्यातून वर चढतंय. कपाटामागे किंवा एसी लावलेल्या खोलीला लागून असलेल्या भिंतीवर काळी बुरशी आहे, पण प्लास्टर खुटखुटीत आहे, तर तिथे गळती नाही. पावसाळ्यातली दमट हवा थंड भिंतीला लागून तिथे पाणी धरते. त्यावर उपाय म्हणजे हवा खेळती ठेवणं आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढणं.

घरच्या घरी चार चाचण्या

शंका उरलीच तर पडताळून पाहता येते. फूटभर चौरस जाड प्लास्टिक भिंतीवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीनं बंद कराव्यात आणि दोन दिवस थांबावं. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली वाफ आहे.

नळाचा पाइप फुटल्याचा संशय असेल तर रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहावा आणि सकाळी पुन्हा पाहावा. मीटर नसेल आणि घराची स्वतंत्र टाकी असेल तर तिच्या पातळीला खूण करावी. येणारं पाणी मात्र रात्रभर बंद हवं.

बाथरूममधला दोष जमिनीत आहे की सांडपाण्याच्या पाइपात, हे शोधायला खाण्याचा रंग उपयोगी पडतो. पहिल्या दिवशी रंगीत पाणी फक्त न्हाणी ट्रॅपमध्ये ओतावं. खाली रंग दिसला नाही तर दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या रंगाचं पाणी फक्त फरशीवर साठवावं. खालच्या घराच्या छतावर कोणता रंग उतरतो त्यावरून उत्तर मिळतं. एका वेळी एकच जागा तपासायची, ही अट पाळली नाही तर चाचणी करून उपयोग नाही.

चौथी चाचणी पाणी भरून ठेवण्याची. गच्चीचे किंवा बाथरूमचे निचऱ्याचे पाइप बंद करून एक-दोन इंच पाणी ४८ तास ठेवायचं आणि खालून पाहायचं. जुन्या इमारतीची गच्ची पूर्ण भरण्याआधी मात्र अभियंत्याला विचारावं. इंचभर पाण्याचंही दर चौरस मीटरला २५ किलो वजन होतं.

गच्ची: आधी ढाळ, मग डबा

मुंबई-पुण्यातल्या बहुतेक गच्च्यांवर ब्रिकबॅट कोबा असतो. स्लॅबवर सिमेंटची पातळ लापशी, तिच्यावर मसाल्यात बसवलेले विटांचे तुकडे आणि वर चौकडीच्या रेघा ओढलेलं सिमेंटचं गुळगुळीत फिनिशिंग. या थरामुळे गच्चीला ढाळ मिळतो आणि खालच्या खोल्यांचा उन्हाळाही थोडा सुसह्य होतो. ढाळ साधारण शंभरास एक हवा, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच. पाऊस थांबल्यावर काही तासांनी गच्चीवर जावं. डबकं उरलं असेल तर ढाळ बिघडलेला आहे, आणि कितीही चांगलं रसायन साचलेल्या पाण्याखाली फार काळ टिकत नाही.

गच्ची मधोमध क्वचित गळते. गळती सापडते ती सांध्यांवर. गच्ची आणि कठड्याची भिंत जिथे मिळतात तिथला गोलाईचा वाटा, पावसाळी पाइपाचं तोंड, टाकीच्या खालचे ओटे, आणि डिश किंवा सोलर बसवताना कोब्यात मारलेले बोल्ट या जागा सगळ्यांत आधी पाहाव्यात. अनेकदा वाटा तासून नव्यानं मारला आणि पाइपाचं तोंड नीट बंदिस्त केलं की काम भागतं. अख्ख्या गच्चीचा खर्च वाचतो.

जुना कोबा गळतो म्हणून त्याच्यावरच दुसरा घालायचा सल्ला मिळाला तर थांबावं. चार इंच कोब्याचं वजन दर चौरस मीटरला पावणेदोनशे ते दोनशे किलो भरतं. दुसरा कोबा म्हणजे तेवढाच नवा भार, तोही आधीच भिजून अशक्त झालेल्या स्लॅबवर. कोबा बदलायचाच असेल तर जुना काढावा आणि काढताना हातोड्याचे घाव स्लॅबला बसणार नाहीत याकडे स्वतः लक्ष ठेवावं.

कोबा धडधाकट असेल आणि नुसते केसासारखे बारीक तडे गेले असतील तर लवचीक कोटिंग चालतं. त्यासाठी पृष्ठभाग घासून, धुऊन पूर्ण वाळलेला हवा. दोन हात एकमेकांना आडवे मारावेत आणि कोपऱ्यांत व तड्यांवर फायबरची जाळी बसवावी. ओल्या गच्चीवर मारलेलं कोटिंग उन्हात फुगे धरून सुटतं. म्हणूनच गच्चीचं काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरकावं. जूनमध्ये गवंड्याला फोन करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

बाथरूम: फरशी पाणी अडवत नाही

टाइल्स चकचकीत दिसतात म्हणून त्यांच्यामुळे पाणी अडतं असा समज होतो. टाइलच्या सांध्यांतून थोडं पाणी खाली जातंच. ते अडवण्याचं काम टाइलखालच्या, स्लॅबवर लावलेल्या थराचं आहे. बहुतेक फ्लॅटमध्ये बाथरूमचा स्लॅब खोलगट असतो. त्यात पाइप टाकून वर विटांचे तुकडे आणि मसाला भरलेला असतो. खालचा थर एकदा फाटला की हा भराव पाण्यानं भरून राहतो आणि खालच्या शेजाऱ्याच्या छताला बारा महिने ओल देतो.

तोडफोडीआधी एक स्वस्त उपाय करून पाहावा. टाइल्सच्या सांध्यांतला जुना मसाला खरवडून काढावा आणि जागा पूर्ण वाळल्यावर इपॉक्सी ग्राउट भरावं. न्हाणी ट्रॅप आणि कमोड यांच्या कडाही बंद कराव्यात. दोष वरवरचा असेल तर एवढ्यानं गळती थांबते. खालच्या घरातून स्लॅबला रसायनाची इंजेक्शनं देण्याचा उपाय मात्र तात्पुरता असतो. तडा बुजतो, पण वरच्या भरावातलं पाणी तिथेच राहतं आणि दुसरी वाट काढतं.

पूर्ण काम करायचं ठरलं तर क्रम चुकवू नये. भराव काढून स्लॅब उघडा करायचा. नवे पाइप टाकायचे आणि पंपानं दाब देऊन काटा खाली येतो का ते पाहायचं. पाइप जिथे स्लॅब किंवा भिंत भेदून जातो ती जागा नीट भरायची, कारण गळतीचं सगळ्यांत आवडतं ठिकाण तेच. मग कोपऱ्यांना वाटा आणि त्यावर जलरोधक थराचे दोन हात, भिंतीवर किमान फूटभर आणि शॉवरखाली डोक्याच्या उंचीपर्यंत. त्यानंतर ४८ ते ७२ तास पाणी भरून खालच्या घरात जाऊन पाहायचं. छत कोरडं राहिलं तरच भराव आणि टाइल्स. ठेकेदाराला ही चाचणी नको असते, कारण तीन दिवस माणसं बसून राहतात. पण टाइल्स बसल्यावर सापडलेली गळती म्हणजे सगळा खर्च दुसऱ्यांदा, हे लक्षात ठेवून आग्रह सोडू नये.

तिरपा पाऊस आणि खिडकी

आपल्याकडे पावसाळी वारा मुख्यतः नैर्ऋत्य आणि पश्चिमेकडून येतो, म्हणून त्या दिशांच्या भिंती जास्त भिजतात. खिडकीखाली ओल आली तर भिंत फोडण्याआधी सरकत्या खिडकीचा खालचा ॲल्युमिनियमचा रूळ पाहावा. त्यात पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्रं असतात. धुळीनं ती बुजली की रूळ भरतो आणि पाणी घरात उतरतं. एक तार आणि जुना ब्रश एवढ्यावर हे काम भागतं.

त्यानंतर खिडकीचा दगड. त्याचा उतार बाहेरच्या बाजूला हवा, तो भिंतीच्या बाहेर थोडा आलेला हवा आणि त्या बाहेर आलेल्या भागाच्या खाली एक खाच हवी. खाच असली की थेंब तिथूनच गळून पडतो. नसली तर पाणी दगडाच्या खालून मागे सरकत भिंतीत शिरतं. छज्ज्याखालीही अशीच खाच लागते. चौकट आणि दगड यांच्यामधलं सीलंट उन्हानं कडक होऊन सुटतं, ते काही वर्षांनी बदलावंच लागतं.

बाहेरच्या भिंतीवरचे तडे नुसते रंगानं झाकू नयेत. ते इंग्रजी व्ही अक्षरासारखे थोडे उघडून, साफ करून लवचीक भरणीनं बुजवावेत आणि मग बाहेरचा रंग द्यावा. पिंपळाचं रोप दिसलं तर लहान असतानाच मुळासकट काढावं. वरून छाटलेला पिंपळ भिंतीच्या आत वाढतच राहतो.

जोत्यातून चढणारी ओल

दिव्याची वात तेल वर ओढते तशी वीट आणि मसाला जमिनीतलं पाणी वर ओढतात. हे थांबवण्यासाठी जोत्याच्या पातळीवर सिमेंट काँक्रीटचा ओलरोधक थर घालतात. जुन्या घरांत तो नसतो, किंवा पुढे अंगणात भर पडत गेल्यानं तो मातीखाली जातो. म्हणून खर्चिक उपायांआधी बाहेर जाऊन पाहावं. भिंतीला टेकून फुलझाडांचा वाफा आहे का, अंगणाची माती जोत्यावर चढली आहे का, पत्र्याचं किंवा कौलांचं पाणी भिंतीच्या पायाशीच पडतं का. माती खाली नेणं, घराभोवती बाहेर उतार असलेली फरसबंदी करणं आणि पन्हळ लावून पाणी दूर सोडणं एवढं केलं की बऱ्याच भिंती हळूहळू वाळतात. एवढ्यानं भागलं नाही तर भिंतीच्या तळाशी ओळीनं भोकं पाडून त्यांत रसायन भरण्याची पद्धत आहे.

ओल्या भिंतीला आतून टाइल्स लावून प्रश्न मिटत नाही. पाण्याला बाहेर पडायला जागा उरत नाही आणि ते टाइल्सच्या वर चढून तिथे पोपडे आणतं. लोणा आलेला असेल तर तो कोरड्या ब्रशानं झाडून बाहेर टाकावा. पाण्यानं धुतला तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीतच जातो.

जुने वाडे आणि मातीची घरं यांचा वेगळा विचार करावा लागतो. दगड, पांढरी माती आणि चुन्याच्या भिंती ओल आत घेतात आणि उन्हाळ्यात बाहेर सोडतात. चुना घाण्यात मळून, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून केलेलं जुनं प्लास्टर या देवघेवीला आड येत नसे. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की आतलं पाणी कोंडतं, आतली माती भुसभुशीत होते आणि काही वर्षांनी गिलावा मोठ्या तुकड्यांत निसटतो. तिथे चुन्याचंच काम करणारा कारागीर शोधावा. कोकणात चिऱ्याच्या भिंतींना पुढे आलेली कौलं आणि पडवी सांभाळत होती. घर मोठं दिसावं म्हणून पडवी काढून टाकली की चिरा थेट पावसात येतो.

कोणत्या तड्याला घाबरायचं?

प्लास्टरवरचे जाळीदार बारीक तडे बहुधा निरुपद्रवी असतात. मसाल्यात सिमेंट जास्त झालं किंवा पाणी मारणं कमी पडलं की ते येतात. बीमच्या खाली आडवा किंवा खांबाच्या कडेनं उभा सरळ तडा गेला तर तो वीट आणि काँक्रीट यांच्या सांध्याचा असतो. दोन्ही पदार्थ उन्हात वेगवेगळे प्रसरण पावतात. प्लास्टर करतानाच त्या सांध्यावर कोंबडीजाळी ठोकली असती तर तो टळला असता. आताही प्लास्टरची पट्टी काढून जाळी बसवता येते.

खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपा निघणारा किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारा तडा मात्र पाया हलल्याची खूण असू शकतो. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर भागातल्या काळ्या कापसाच्या जमिनीवर हे नेहमी घडतं. ही माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पाया तिच्यातच थांबला असेल तर घर दर वर्षी थोडं वर-खाली होतं. नवीन बांधताना काळी माती पार करून मुरूम किंवा खडकापर्यंत जावं. काळी माती फारच खोल असेल तर खाली फुगवटा असलेले खास पाइल अभियंता सुचवतो. बांधून झालेल्या घरात पायाजवळची ओल वर्षभर सारखी राहील असं पाहायचं. फुटलेलं गटार दुरुस्त करायचं, भिंतीलगतची मोठी झाडं आणि बागेचं पाणी दूर न्यायचं आणि घराभोवती रुंद फरसबंदी करायची.

तडा वाढतोय का हे कळण्यासाठी त्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना घट्ट चिकटवावी आणि तारीख लिहावी. काच तडकली तर हालचाल चालू आहे. तडा इतका रुंद असेल की त्यात नाणं जाईल, दारं-खिडक्या अचानक अडकू लागतील किंवा खांबावर तडा दिसेल, तर गवंड्याला न बोलावता स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं.

सळई गंजली की

छतावर तपकिरी रेघ उमटते, मग तिच्या बाजूनं तडा जातो आणि एक दिवस प्लास्टरचा तुकडा खाली पडतो. आत काय होतं ते समजून घेतलं तर दुरुस्ती कशी करू नये हेही कळतं. ताज्या काँक्रीटचा सामू १२-१३ असतो आणि एवढ्या अल्कधर्मी वातावरणात सळईला गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत हे संरक्षण कमी करतो. समुद्राकाठी खाऱ्या हवेतलं क्लोराइड त्यात भर घालतं. त्यात गळतीचं पाणी मिळालं की गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा व्यापतो आणि आतूनच काँक्रीट फोडतो.

अशा जागी वर नवं प्लास्टर थापणं किंवा पीओपीचं छत करून झाकणं म्हणजे गंजाला एकांत देणं. लाकडी दांड्यानं ठोकून पोकळ आवाज कुठपर्यंत येतो ते पाहावं. तेवढं सुटं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढावं, सळई तारेच्या ब्रशानं पांढरी करावी आणि फार झिजली असेल तर नवी जोड द्यावी. मग गंजरोधक थर आणि पॉलिमर मिसळलेला मसाला. वरची गळती बंद केल्याशिवाय यातलं काहीही टिकणार नाही. बीम आणि खांबाची अशी दुरुस्ती टेकू लावून, अभियंत्याच्या देखरेखीखालीच करावी. ओल्या भिंतीत स्विचबोर्ड असेल तर इलेक्ट्रिशियनकडून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. गळका प्रवाह ओळखून तो वीज तोडतो आणि जीव वाचवतो.

नूतनीकरणात काय तोडू नये

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमध्ये चार मजली इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. खोली मोठी करण्याच्या हौसेला मर्यादा असते ती इथे. खांब, बीम आणि स्लॅब यांना वायर-पाइपासाठी झरी (खाच) पाडायची नाही, भोक पाडायचं नाही. जुन्या भारवाही इमारतींत तर नऊ इंची भिंत हीच खांबाचं काम करते, तिच्यात दार काढण्याआधीही अभियंत्याची परवानगी लागते.

वजनाचा विचार तर सहसा होतच नाही. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं आणि सामान मिळून दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात. जुन्या फरशीवर दोन इंच मसाला आणि नव्या टाइल्स बसवल्या की शंभर किलोच्या वर नवा, कायमचा भार पडतो. फरशी बदलायची तर जुनी काढून खाली न्यावी. फार तर टाइलच्या गोंदानं पातळ टाइल्स बसवाव्यात. काढलेला राडारोडा एका खोलीत ढीग करून ठेवू नये, तो रोजच्या रोज उतरवावा.

नवं बांधकाम चालू असेल तर साइटवर दोन-तीन गोष्टींवर नजर ठेवली तरी पुढची बरीच दुरुस्ती वाचते. काँक्रीट पातळ झालं की ओतायला सोपं जातं, म्हणून बिगारी पाणी वाढवतात. ५० किलोच्या एका पोत्याला सुमारे २५ ते २७ लिटर पाणी पुरतं. जास्तीचं पाणी उडून जाताना मागे सूक्ष्म छिद्रं ठेवतं आणि गळतीची वाट तिथूनच तयार होते. सळईखाली आणि बाजूला कव्हर ब्लॉक हवेत, स्लॅबला किमान २० मिलिमीटरचे आणि खांबाला ४० चे. समुद्रकिनारी याहून जास्त लागतं. काँक्रीट साध्या सिमेंटचं असेल तर किमान सात दिवस आणि राखमिश्रित पीपीसी असेल किंवा कडक ऊन असेल तर किमान दहा दिवस सतत ओलं ठेवायचं. चौदा दिवस ठेवलं तर उत्तम. सकाळ-संध्याकाळ नळी फिरवणं पुरत नाही, खांबांना गोणपाट गुंडाळावं आणि स्लॅबवर आळी करून पाणी साठवावं.

खर्च कुणाचा?

सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप यांतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती सोसायटीनं करायची असते. घरातल्या संडास, बाथरूम, सिंकमधून होणाऱ्या गळतीचा खर्च त्या सभासदाचा. वर-खालच्या शेजाऱ्यांमधली बरीच भांडणं पाण्याची वाट न शोधता खर्चाचं बोलल्यानं होतात. रंगीत पाण्याची चाचणी दोघांच्या समोर केली तर वाद तिथेच मिटतो. १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं, हेही उपविधींत आहे.

नव्या फ्लॅटला रेरा कायद्याचा आधार आहे. २०१६ च्या या कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष निघाला आणि तो बिल्डरच्या नजरेस आणून दिला तर त्यानं ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तक्रार लेखी, तारखेसह आणि फोटो जोडून करावी.

ठेकेदाराशी व्यवहार करताना कामाची यादी बाबवार लिहून घ्यावी: काय तोडणार, कोणता थर किती हात, कोणतं सामान, पाणी भरून चाचणी किती तास, राडारोडा कोण उचलणार. ‘सगळं धरून’ असा एकच आकडा मान्य करू नये. पैसे टप्प्याटप्प्यानं द्यावेत आणि पाच-दहा टक्के रक्कम एक पावसाळा पार पडेपर्यंत राखून ठेवण्याचं आधीच ठरवावं. ही अट मान्य करणारा ठेकेदार शोधायला चार दिवस जास्त लागले तरी चालेल.

हातात पैसे मोजके असतील तर ते वरून खाली आणि बाहेरून आत या क्रमानं खर्च करावेत. आधी गच्ची आणि तिचा निचरा, मग बाहेरच्या भिंती आणि खिडक्या, मग पाइप आणि बाथरूम, मग सळईची दुरुस्ती. प्लास्टर आणि रंग सर्वांत शेवटी, तेही भिंत पूर्ण वाळल्यावर. नव्या प्लास्टरला साधारण महिनाभर आणि आरपार भिजलेल्या नऊ इंची भिंतीला त्याहून बराच जास्त वेळ द्यावा लागतो. एका वर्षात सगळं झालं नाही तरी बिघडत नाही. गच्ची नीट झाली असेल आणि हॉलची भिंत आणखी एक वर्ष बिनरंगाची राहिली असेल, तर ते घर चांगल्या अवस्थेत आहे. याच्या उलट असेल तर ते पैसे पुन्हा खर्च होणार आहेत.